अनंताचं गवत कापायचं यंत्र

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. त्याचा शेजारी बोलत होता. "मास्तर, अनंतभाऊ गेले. खळ्यात गवात कापताना..." पुढचं मला ऐकू आलंच नाही. त्यानंतर दीड महिना एका जागी बसवेना. पेपर उघडायचो, मिटायचो. त्याच्या घराकडे निघायचो आणि अर्ध्या वाटेतून परतायचो. कारण ते यंत्र त्याला मी घ्यायला लावलं होतं.

आम्ही दोघे एकाच शाळेतले मास्तर. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलाने मालवणच्या किनाऱ्याजवळच्या घराला दोन खोल्या जोडून पाहुण्यांची सोय केली आणि पुढच्या खळ्यात, जिथे पूर्वी भात झोडायचे, तिथे लॉन लावली. आमच्याकडे खळ्यात गवताची काडी दिसली तर घरातली माणसं आळशी ठरतात. सारा गाव हसला. "लोक खळ्यातला गवात उपटतत, हो लावता," म्हणाले. अनंताला त्याचंच कौतुक. लॉन केवढी, तर चार खाटा मांडल्या की संपली. ती कापायला काहीतरी हवं, म्हणून मे महिन्यात आम्ही कसालच्या एका दुकानात गेलो.

अनंताचा डोळा पेट्रोलच्या यंत्रावर होता. आदल्याच वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. पण मी माझं मास्तरपण पाजळलं. एवढ्याशा गवताला इंजिन कशाला, पाहुणे सकाळी झोपलेले असतात, आणि खांद्याला अडकवायचं कटर चिऱ्याचे खडे थेट काचांवर उडवतं. त्यापेक्षा हाताने ढकलायचं घे, चाकं फिरली की पाती फिरतात, कात्रीसारखं कापतं. "तेवढोच तुका व्यायाम होतलो," मी म्हटलं. आता ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. त्याने मान डोलावली.

चूक कळली जूनमध्ये. मे महिन्यातलं बोटभर गवत बघून आम्ही यंत्र निवडलं होतं, जन्मभर इथला पाऊस बघूनही! पंधरा दिवस झड लागली, गवत गुडघ्याला आलं आणि यंत्र त्यावरून नुसतं घसरायला लागलं. मी फोनवर म्हटलं, परत कर. "गप रे. विळ्यान कापून झाला. आता दर चौथ्या दिवशी फिरवूचा, वाढाक देवचाच नाय." दसऱ्याला त्याने कोयत्या-विळ्यांच्या शेजारी यंत्रालाही झेंडूची माळ घातली. त्यानंतर आठवड्यात तो गेला.

गेल्या रविवारी शेवटी जाऊन पोचलो. गवत माजलं होतं, यंत्र पडवीत उभं. सुलभावहिनींनी पाणी आणलं, ते हातातच धरून मी सांगून टाकलं. "वयनी, ती मशीन माझ्यामुळे घेतल्यान. माझ्यामुळेच..."

त्यांनी मला थांबवलं. "भावजी, ह्यांनी ती येक दिस ढकलली नाय. पयल्यापासून मीच ढकलतंय. तुमका सांगूक ह्यांका लाज वाटायची. हे पुढे चलान वाटेतली माडाची चुडतां उचलायचे. त्या दिवशी दम लागलो म्हणान बसले होते... मीच म्हटलंय, तेवढा चुडत उचला. उठले, वाकले..."

दीड महिना मला स्वतःला जे पटवता आलं नव्हतं, तेच मी त्यांना समजावत बसलो. हृदय आधीच थकलेलं, वेळ कोणाच्या हातात नसते, चुडताचं, म्हणजे झावळीचं, वजन ते केवढं... माझाच आवाज मला खोटा वाटत होता. वहिनी ऐकत होत्या की नाही, कळलं नाही. मग मी उठलो, विळ्याने गवत बोटभर ठेवून कापलं आणि यंत्र बाहेर काढलं. वहिनी पदर खोचून पुढे आल्या, वाटेत पडलेली झावळ उचलायला वाकल्या.

"वयनी, तुमी नको. मी उचलतंय."

"तुमी ढकला," त्या म्हणाल्या. "ह्या काम ह्यांचा होता. आता माझा."