दारावरचा रूळ आणि मामांचं पहिलं जेवण

आमच्या सासऱ्यांना जिवंत गाडायचा माझा अजिबात विचार नव्हता.

रामनगरातल्या आमच्या विटांच्या घराला दार एकच. त्यावरची भिंत रेल्वेच्या जुन्या रुळाच्या तुकड्यानं पेललेली. पावसानं तो रूळ गंजून असा फुगला, की वरच्या विटा फाकल्या! इराप्पा गवंड्यानं रुळाखाली मधोमध एक टेकू ठोकला आणि तो नवा तुकडा आणायला गेला. जाताना म्हणाला, "मालक, टेकूला हात लावू नगा!"

मी लावला. (मला कुणी 'नको' म्हटलं, की हात शिवशिवतात.) त्या दिवशी मामा, म्हणजे आमचे सासरे, खानापुराहून येणार होते. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरी पाणीही प्यायचं नाही, ही आमची रीत. आता नातू झालेला. आणि त्यांनी पहिल्या जेवणाला अंग चोरून आत शिरायचं? छे! मी टेकू उपटून दाराच्या कडेला नेला. तिथं जमीन खोल, म्हणून खाली न कांडलेल्या भाताचं पोतं दिलं.

"अवो, पोत्यावर भिंत ऱ्हाती व्हय?" बायको गंगा म्हणाली.

"तुला काय कळतंय!"

मामा आले, पानावर बसले. इकडे दाराबाहेर बांधलेल्या आमच्या म्हशीला भाताचा वास लागला. तिनं पोतं फाडलं! भात भुरूभुरू सांडायला लागला, टेकू खचायला लागला. कर्रर्र! एक वीट माझ्या कानाजवळून गेली. आत सासरे, बायको, पाळण्यात तान्हं पोर! मी धावत जाऊन रुळाला खांदा लावला आणि डोळे घट्ट मिटले.

"जावयबापू, हात धुवाया जाऊ द्या की!" आतून मामा.

"हलू नका! हललात तर मेलात!"

"गंगे, ह्यो मला धमकी देतोय?"

तेवढ्यात आत ठक् ठक् आवाज झाला. संपलं, भिंत फुटली! मी मारुतीचा धावा सुरू केला. गंजाची माती डोक्यावर पडत होती, पण मी हललो नाही.

शेवटी इराप्पा आला. आत डोकावला. "मालक, बाजूला व्हा."

"अरे, पोर आत हाय! पडेल ना!"

त्यानं मला ओढलंच. काहीही पडलं नाही. आतल्या बाजूनं उखळ पालथं घालून, त्यावर मुसळ उभं करून, गंगेनं ते रुळाखाली पाटानं घट्ट ठोकलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"हाका मारत व्हते की! तुम्ही देवाचं नाव घेत व्हता."

मामांनी हे खानापूरभर केलं. तेव्हापासून सासुरवाडीत मी जरा भिंतीला टेकून बसलो, की मेव्हणी आतून विचारते, "दाजी, मुसळ आणू?"