मागच्या दाराची किल्ली

लोधिवलीच्या येसाजीवर कुणी आळ घेतला नव्हता, तो त्यानं आपणहून घेतला होता. भातशेती सांभाळून तो पुण्याच्या रस्त्यावरच्या एका लहानशा चर्चची राखण करायचा. सदुसष्टच्या नाताळात सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना कुणीतरी मागच्या दारानं शिरलं आणि दोन पितळी मेणबत्ती-स्टँड घेऊन पसार झालं. येसाजी तेव्हा पुढच्या अंगणात सायकली राखत बसला होता. ती गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

विम्याचा साहेब पाहणी करून गेला. खिडक्यांना लोखंडी गज बसवा म्हणाला, मागच्या दाराला भक्कम कुलूप घाला म्हणाला. इमारत रिकामी असेल तेव्हा घाला, असंही त्यानं बजावलं होतं. पण रिकाम्या चर्चमधून गेलं होतं काय? गेलं ते भरल्या चर्चमधून! तेव्हा माणसं आत असतानाही कुलूप घालायचं, हे येसाजीनं ठरवून टाकलं. फादर भला माणूस. त्यानं अडवायचं सोडून त्याची पाठच थोपटली. मग काय विचारता, येसाजीची छाती दोन इंचांनी फुगली.

किल्ली तो कंबरेच्या करगोट्याला बांधायचा. त्या काळ्या दोऱ्यासारखी सुरक्षित जागा दुसरी नाही. कारण बाप जिवंत असताना मुलानं करगोटा तोडायचा नसतो. जुना विरला, तर नवा बांधून मगच तो उतरवायचा. बाप गेला की मात्र तो तोडतात. येसाजीचा बाप आबाजी ऐंशीच्या घरात होता आणि त्या वर्षी अंथरुणाला खिळला होता. वैद्यानं आशा सोडलेली होती.

अडुसष्टचा नाताळ आला. पुढच्या दाराशी, रस्त्यावरून दिसावी म्हणून, बाळ येशूची गव्हाण मांडली होती. तिच्यातला पेंढा येसाजीच्याच शेतातला. त्याची बायको गोदूबाई तो डोक्यावरून घेऊन आली होती, आणि आपला पेंढा कसा दिसतो ते बघायला सकाळच्या प्रार्थनेला आत जाऊन बसली होती. आत साठ-सत्तर माणसं होती. गर्दी बघून येसाजीनं मागच्या दाराला बाहेरून कुलूप दाबलं, किल्लीला आणखी एक गाठ मारली आणि मागच्या पायरीवर बसला.

गाणं मध्येच थांबलं. मग आतून ओरडा उठला, "आग! आग!" गव्हाणीजवळची मेणबत्ती कलंडली होती. कोरडा पेंढा, कागदाच्या पताका, वरून कापडी पडदा. बघता बघता पुढचं दार जाळात गेलं. खिडक्यांना गज होतेच. सगळी माणसं मागच्या दारावर येऊन आदळली.

येसाजी दाराला भिडला. कुलूप छातीच्या उंचीवर आणि किल्ली कंबरेला. तो टाचा उंचावून बघू लागला, पोट दाराला लावू लागला, पण किल्ली पोचेना. गाठ सोडू गेला, तर दुहेरी गाठ घट्ट बसली होती. दाराच्या फटीतून धूर यायला लागला. एक हिसका दिला की काम होणार होतं. ते त्यालाही कळत होतं. पण हात दोऱ्याशी गेला की अंथरुणावरचा आबाजी डोळ्यांपुढे येई आणि हात पुन्हा गाठीकडे वळे.

"अवो, उघडा की!" हा आवाज गोदूबाईचा होता. "पोरं गुदमरतायत हितं!"

येसाजीनं डोळे मिटले आणि हिसका दिला. दोरा तटकन तुटला. कुलूप निघालं आणि माणसं एकमेकांवर कोसळत बाहेर पडली. जीव कुणाचा गेला नाही. गोदूबाई सगळ्यांत शेवटी आली. दार उघडेना तेव्हा पेटता पडदा ओढून पायाखाली तुडवताना तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

चौथ्या दिवशी विम्याचा साहेब आला. काळवंडलेली भिंत बघितली, तुटलेल्या दोऱ्यातली किल्ली बघितली. "तू होतास म्हणून वाचले सगळे," म्हणाला. फादरनंही मान डोलावली. येसाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बापाला सांगणं चुकणार नव्हतं. आगीच्या दिवसापासून तो म्हाताऱ्याच्या छातीकडे बघत होता, श्वास चालतोय ना म्हणून. त्या संध्याकाळी तो अंथरुणाशी बसला आणि सगळं बोलला. गाठ, धूर, हिसका, काहीच लपवलं नाही.

"बाबा, तुमी असताना मी करगोटा तोडला," म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं.

आबाजीनं मान वळवली. चुलीशी गोदूबाई डाव्या हातानं भाकरी थापत होती आणि ती पुन्हा पुन्हा मोडत होती.

"तोडलास ते बरं केलंस," म्हातारा म्हणाला. "पर आदीच का नाय तोडलास रं?"