माहुलच्या घरात राहिलेला कागद

पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते, चुका शोधणं हेच माझं काम. या ग्रुपवरचे अजब अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक... पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!

गेल्या वर्षी माझा पीएचडीचा व्हायवा होता. आमच्याच कॉलेजात, सकाळी अकराला. सात वर्षं खपून मी एक प्रोग्राम लिहिला होता — दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा. परीक्षकांनी त्याच दिवशी सकाळी एक नमुना प्रोग्राम मेल केला, "यावर चालवून दाखवा." साडेनऊला मी रन केलं आणि सगळं बंद पडलं! पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"वाट लागली यार," बाजूला बसलेली माझी सहकारी स्नेहा म्हणाली.

दहाला माहुलच्या कोळीवाड्यातून आयचा फोन. आय आयुष्यभर मासळी विकत आली, शाळेत कधी गेली नाही.

"बाय, काल तुझा कागद इथंच राहिला बघ."

"आये, मी काल आलेच नव्हते गं. नंतर बोलू."

"आलीस ना दुपारी! बोंबील खाल्लेस की. थांब, फोटो पाठवते."

फोटो आला. अक्षर माझंच — "ओळ ७४०. मोजणी शून्यापासून कर."

मी माझ्या प्रोग्राममधली ती ओळ उघडली. तिथे मोजणी एकपासून सुरू होत होती! बदललं. स्नेहाने रन केलं... आणि चाललं! झकास चाललं! आम्ही दोघी अशा किंचाळलो की शिपाईकाका धावत आले.

व्हायवा पार पडला. संध्याकाळी पेढे घेऊन थेट माहुल गाठलं. कागद खरोखरच होता, आमच्या घरातल्या फ्रिजवर. पण आदल्या दिवशी नऊ ते सहा मी लॅबमध्ये होते, स्नेहासमोर. आणि तो नमुना तर तेव्हा आलाही नव्हता!

"आये, नीट आठव. मीच होते?"

"पोटच्या पोरीला वळखणार नाय मी?" आय चिडलीच. "जाताना पाया पडलीस. म्हणालीस, आये, मी डॉक्टर झाले."

मी कितीतरी तर्क लावून पाहिले, एकही टिकत नाही. आय मात्र अजून विचारते, त्या दिवशी इतक्या घाईत का गेलीस?