दोन फाट्यांमधलं लग्न

औंढ्याहून जिंतूरकडे जाणारा एक मोठा रस्ता आणि जवळा बाजाराकडे जाणारा दुसरा. या दोघांना जोडणाऱ्या आखूड रस्त्यावर, बरोबर मधोमध, माझं माहेर. एरवी सकाळ-संध्याकाळची एसटी सोडली तर त्यावर बैलगाड्या आणि शेळ्याच. पण नव्वदच्या दशकात, माझं लग्न ठरलं त्याच उन्हाळ्यात, जवळा बाजार रोडवरचा एक पूल खचला आणि सगळी वाहतूक आमच्या दारावरून वळवली. समोरासमोर दोन ट्रक आले की एकाला कुणाच्या तरी शेतात उतरावं लागे.

मांडव दारातच, म्हणजे रस्त्याच्या कडेलाच घातलेला. वऱ्हाड जिंतूर रोडच्या फाट्यावरून येणार होतं. गर्दीत चुकायला नको म्हणून वडील आणि मामा सकाळीच तिथं जाऊन उभे राहिले. मांडवात उरले ते आदल्या दिवशी नांदेडहून आलेले काका. त्यांनी नवरदेवाला कधी पाहिलंच नव्हतं.

मी आत नटून बसले होते. तेवढ्यात हलगी कडाडली.

"आलं वऱ्हाड!" मैत्रीण खिडकीला चिकटली. "नवरदेव बरा हाय गं. चष्मा शोभून राहिला त्याला."

"चष्मा?" मी दचकले. "त्यांना चष्मा न्हाई."

"तू कुठं वर बघितलं होतं? पोह्याच्या ताटाकडंच बघून राहिले होते, असं तूच तर सांगितलं!"

मी उठून डोकावले. "मावशी, ह्यो त्यो न्हाई!"

मावशीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. "लग्नाच्या दिवशी सगळ्याच पोरींना तसं वाटतं. गप बस."

आई मागं चुलीपाशी होती. माझं ऐकणारं कुणीच नव्हतं. मी रडायला लागले, तर मावशी म्हणाली, "आतापासून काहून रडून राहिली? पाठवणीला काय करशील?"

बाहेर काकांनी टिळे लावले, गळाभेटी घेतल्या. चहा झाला, लाडू-चिवडा झाला. मग काका पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याजवळ सरकून कौतुकानं म्हणाले, "आमची पोरगी कापूस वेचण्यात लई चलाख बरं का."

म्हातारा लाडू खाता खाता थांबला. "कापूस? आमची सून तर मास्तरीण हाय!"

हलगीवाल्याचा हात थांबला.

ते लोक जवळा बाजाराकडच्या फाट्यानं आले होते आणि त्यांना जिंतूर रोडवरच्या दुसऱ्याच गावाला जायचं होतं. फाट्यावर कुणीतरी सांगितलं होतं, "लग्न ना? सरळ जा, मांडव लागंल." मांडव तर लागला होता! काकांनी हात जोडले. म्हातारा पोट धरून हसला, "चहा मात्र झकास होता, व्याही!" म्हणाला आणि मंडळींना गाडीत कोंबून निघून गेला.

आमचा नवरदेव आला तो ट्रॅक्टरवर, माझ्या वडिलांच्या शेजारी बसून, धुळीनं पांढरा होऊन. वऱ्हाडाची जीप एका टँकरमागं अडकली होती. मी खिडकीतून पाहिलं आणि मावशीला नुसतं म्हटलं, "ह्यो."

लग्न उशिरा लागलं. मधल्या वेळात जीपही येऊन पोचली. संध्याकाळी पाठवणी. आईच्या, मावशीच्या गळ्यात पडून मी मनसोक्त रडले आणि जीपमध्ये बसले. जीप हललीच नाही. पुढं ट्रकांची रांग होती. बायका पुन्हा थोडं रडल्या. रांग तशीच. एकेक करून त्यांचं रडणं संपलं आणि आईसकट सगळ्या राखेनं ताटं घासायला गेल्या. मैत्रिणीनं मला जीपमध्येच भात आणून दिला. नवरा हळूच म्हणाला, "जेवून घ्या, लई येळ लागंल." त्याचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी शेवटचा घास घेतला आणि जीप सुटली. मागं वळून पाहिलं, तर आई राखेनं भरलेल्या हातांनी रस्त्यावरून पळत येत होती.