पांढऱ्या मातीतला लसूणघास

धुळ्याहून सकाळची एसटी धरली. बोदवडचे दूधवाले माझं लसूणघासाचं (जनावरांच्या द्विदल चाऱ्याचं) बी घ्यायला तयार होते, पण अट होती: हा घास खारवट जमिनीत तग धरतो, असं जळगावच्या कॉलेजातून लिहून आणा. कारण एका व्यापाऱ्यानं भर बाजारात म्हटलं होतं, "ह्याचं बी साधंच, पिशवी तेवढी ह्याची." भडगावच्या खारट वावरातून पाच वर्षं निवडून निवडून मी बी धरलं, आणि हे ऐकून घ्यायचं?

नमुन्याची रोपं घ्यायला आधी भडगावला उतरलो. तिथं गिरणेकाठी नानांचं वावर आहे. माझं बी पहिल्यापासून पेरणारे ते एकटेच. मातीवर पांढरा थर, त्यात वीतभर खुरटी रोपं. नाना म्हणाले, "भाऊ, हाई ली जा. आठे बठ्ठं खारं शे." (हे घेऊन जा, इथं सगळं खारट आहे.)

सावद्याला केळीच्या गाड्या भरत मी धंदा शिकलो. वरचा घड देखणा नसेल तर भाव पडतो. "नाना, असला माल दाखवून आपलीच अब्रू घालवू?" असं म्हणून मी बांधालगतची, पाटाच्या गोड्या पाण्यावर वाढलेली गुडघाभर, हिरवीगार रोपं खणली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळली.

"तुमना शहाणपणले हात जोडस," नाना म्हणाले.

पाचोऱ्याच्या अलीकडे गाडीचं टायर बसलं. ऊन चढत होतं, पानं माना टाकत होती. माझं पिण्याचं पाणी मी गोणपाटावर ओतलं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, बाळ आहे का त्यात?"

"बाळापेक्षा नाजूक आहे."

"मग मांडीवर घ्या की! पायाशी काय ठेवलंय?"

घेतलं. जळगाव येईतो माझी विजार भिजली.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी ब्लेडनं खोडाची आणि पानाची पापुद्र्यासारखी पातळ चकती कापली, लाल रंगाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मला तो वेळ संपेना.

"रोपं छान आहेत," त्या म्हणाल्या.

"मग द्या लिहून."

"ऐका तर. पाणी वर नेणाऱ्या नळ्या रुंद आहेत, पानाची साल पातळ. खारात वाढलेल्या रोपाच्या नळ्या सहसा अरुंद आणि साल जाड दिसते. ह्यांना खार लागलेलाच नाही. बांधालगतची आहेत का?"

माझं डोकं फिरलं. "त्या व्यापाऱ्यानं तुम्हालाही गाठलं वाटतं!"

त्यांनी शांतपणे ब्लेड पुसून ठेवलं. "आवाज नंतर चढवा. आधी सांगा, बांधालगतची आहेत का?"

मी रोपं पुन्हा गोणपाटात गुंडाळायला घेतली.

संध्याकाळी पुन्हा भडगाव. नानांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा वाढला. "आते पसंत पडनं का खुरटं?" नाना हसत होते. उजाडताच मी पांढऱ्या मातीतली रोपं काढली.

या वेळी मॅडमनी मलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बारीक, जाड काठाच्या लाल नळ्या, एकमेकींना खेटून.

"हे रोप खाराशी झुंजतंय, एवढं लिहिते. ते बळ बियातच आहे का, हे ह्यावरून कळत नाही. त्यासाठी शेजारी बाजारचं बी लावून बघावं लागेल."

"मॅडम, बळ बियातच आहे, एवढी एक ओळ वाढवा."

"मी ओळी विकत नाही."

दुपारच्या गाडीनं बोदवडला उतरलो. दूधवाल्यांतल्या वडीलधाऱ्या आबांनी कागद दोनदा वाचला. "आमच्याकडे उगवेल, असं कुठं लिहिलंय ह्यात?"

दहा उत्तरं जिभेवर होती. ती गिळली. "नाही लिहिलं. आत्ता सगळीकडे पेरू नका. एक वाफा माझ्या बियाचा, शेजारी एक बाजारच्या. तुमच्या सगळ्यात खराब तुकड्यात."

"सगळ्यात खराब? नीट विचार केला ना?"

"केला."

सूर्य मावळायच्या आत दोन्ही वाफे पेरून पाणी दिलं.

धुळ्याला परतताना डोळा लागला नाही. आजवर मी समोरच्याचा चेहरा बघून बोलत आलो. माती काही चेहरा दाखवत नाही. अंकुर वर यायला आठवडा लागेल. माझा वाफा रिकामा राहिला, तर त्याच बाजारात उभं राहून म्हणावं लागेल की तो व्यापारी खरं बोलत होता. आबांना तसा शब्द देऊनच निघालोय.