सिनेमाच्या करारातलं एक जास्तीचं कलम

लातूरच्या कोर्टात मी वकिली करतो, पण पोट भरलं ते शेतजमिनीच्या खरेदीखतांवर. त्यामुळे थोरल्या अक्काचा मुलगा सिनेमाचा करार घेऊन माझ्याकडे आला, तेव्हाच तो चुकीच्या माणसाकडे आला होता.

भाचा नांदेडला लग्नांचं शूटिंग करायचा. त्यातून उसंत काढून त्यानं एक सिनेमा केला, थोडा अर्धापूरच्या केळीच्या बागांत, बाकी चाकूर तालुक्यातल्या स्वतःच्या गावात. म्हाताऱ्याच्या कामासाठी नट परवडेना, म्हणून वडिलांनाच उभं केलं. आमच्या दाजींनी आयुष्यात कधी सोंग घेतलं नव्हतं, पण मिशीला हात लावायचा नाही या अटीवर ते तयार झाले. पुढं मुंबईच्या एका बड्या कंपनीला सिनेमा आवडला. त्यांनी तो आधी थिएटरात लावायचा, नंतर मोबाइलवर दाखवायचा, आणि सगळे हक्क त्यांचे. भाच्याला आभाळ ठेंगणं झालं.

करार इंग्रजीत, साठेक पानांचा. मी सवयीनं आधी चतुःसीमा शोधली, म्हणजे चारी बाजूंची हद्द. परिशिष्टात लिहिलं होतं: संपूर्ण विश्व. मुदत: कायमची. पूर्वेला अमक्याचा बांध, पश्चिमेला नाला, असं लिहिण्यात माझी हयात गेलेली. एवढा मोठा तुकडा माझ्या हातून कधी विकला गेला नव्हता.

मग मी माझा दुसरा नेहमीचा प्रश्न काढला. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून माती देतात. पुढं रान विकलं तरी समाधीची जागा आणि तिथं जायची वाट खरेदीखतात राखून ठेवतात. घेणाऱ्याला ते पटलं नाही तर व्यवहार मोडतो. मी भाच्याला विचारलं, "ह्यात आपल्यासाठी काय राखून ठेवलंस?"

"मामा, हा पिच्चर हाय, रान न्हाई."

दाजी शेजारीच बसले होते. म्हणाले, "वकीलसाहेब म्हणतेत ते लिव्हू दे की. आपल्या गावात दाखवाया मिळाला म्हंजे झालं."

मी एक कलम वाढवलं. निर्मात्याला त्याच्या गावात वर्षातून एकदा, तिकीट न लावता, हा सिनेमा दाखवता येईल. त्यावर कंपनीकडून महिनाभर काही उत्तर आलं नाही आणि भाच्याचा धीर सुटला. फोनवर म्हणाला, "तुमच्या एका कलमापायी माझा सगळा पिच्चर बुडून राहिला, मामा. ह्याच्यापुढं तुम्ही ह्यात पडू नका." बहिणीच्या पोराचं बोलणं मनाला लावून घेऊ नये, हे मला कळतं. पण मी घेतलं. शेवटी कंपनीच्या वकील बाईंचा फोन आला. गावात माणसं किती, एवढंच त्यांनी विचारलं, हसल्या, आणि कलम राहू दिलं. फक्त दाखवण्याआधी लेखी कळवा, म्हणाल्या.

सह्या झाल्या आणि पुढं काहीच झालं नाही. ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीत गेली. ज्या साहेबांना सिनेमा आवडला होता, ते नोकरी सोडून गेले. तारीख दिवाळीची होती ती उन्हाळ्यावर गेली, उन्हाळ्यानंतर "कळवतो" असं उत्तर येऊ लागलं. हक्क त्यांचे असल्यामुळं सिनेमा दुसऱ्या कुणाला देताही येईना. मोठ्या मालकाला रान पडीक ठेवणं परवडतं, हे मी जमिनीत पुष्कळ पाहिलं होतं.

दाजी मात्र लातूरला बाजाराला आले की माझ्याकडे चहाला थांबत आणि विचारत, "कवा लागतोय हो थेटरात?" पोरानं त्यांना सिनेमातलं काही म्हणजे काही दाखवलं नव्हतं. बघायचा तर मोठ्या पडद्यावरच, असा त्याचा हट्ट. गावात चादर बांधून दाखवला, तर थेटरात लागणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल, आणि ते त्याच्या जिवावर आलं होतं. करार माझ्या कपाटात होता. एक पत्र टाकायचा अवकाश. पण भाचा येऊन विचारू दे, मग बघू, असं मनात धरून मी बसलो. दाजींना म्हणायचो, "लागंल, दाजी." असं दोन वर्षं म्हणालो.

दाजी सिनेमा न बघताच गेले. त्यांच्या रानात, बांधाकडेच्या आंब्याखाली त्यांना बसवलं. सगळे विधी उरकल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन टेकला.

"मामा, ते कलम चालतंय का अजून?"

"चालतंय."

त्याच आठवड्यात मी कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. कळवायचं होतं, परवानगी मागायची नव्हती, त्यामुळं अडलं नाही.

दुपारच्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या बांधून सिनेमा दाखवला. सिनेमा बरा आहे, मध्ये रेंगाळतो. दाजी, म्हणजे गावाचे आप्पा, पहिल्यांदा मिशीसकट पडद्यावर आले तेव्हा "आप्पा आलं, आप्पा आलं" असा गलका झाला, आणि जिथं रडायचं होतं तिथंही गाव हसलं. एका ठिकाणी दाजी केळीच्या बागेत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघतात आणि ओशाळल्यागत हसतात. भाच्यानं ते कापलं नव्हतं.

अक्का सगळ्यांत पुढं, फरशीवर बसली होती. सतरंज्या सुटल्या, उजेड आला, तशी ती माझ्याकडे आली.

"गावात दाखवायचं हे त्या कागदात पहिल्यापासनं होतं का रं?"

"हाव."

"मंग ह्यांना का न्हाई दाखविलास?"

भाचा पाठ करून पडद्याची दोरी सोडत होता. त्याचे हात थांबले.

"ध्यानात आलं न्हाई, अक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली. त्या दोन वर्षांत ते कलम माझ्या ध्यानात नव्हतं, असा एक दिवस गेला नव्हता.