माझ्या नावावरची खाज

नातीनं पाणी प्यायचं बंद केलं तेव्हाच मला शंका आली. लातुरात क्लासच्या गल्लीत आम्ही दोघींनी खोली केली होती. तिनं डॉक्टर व्हायचा अभ्यास करायचा, मी भाकरी थापायच्या, अशी वाटणी. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. पोरगी खुर्चीत सारखी या मांडीवरून त्या मांडीवर सरकायची. लघवीला जाऊन आली की ओठ आवळून भिंतीकडं बघत उभी राहायची. न्हाणीतून जंतुनाशकाचा वास यायचा.

ही लक्षणं मला कुणी शिकवायला नको होती. किल्लारीकडच्या भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडमध्ये, मी ती सगळी स्वतःच्या अंगावर गिरवली होती.

तेव्हा मी दोन लेकरांची आई. जीव वाचला होता, अक्कल मात्र ढिगाऱ्यातच राहिली असावी. पायावर धोंडा पडून जखम झालेली, म्हणून मदतीच्या गाडीतून मिळालेल्या कॅप्सूल पंधरा दिवस गिळल्या. जखम भरली आणि खाली आग सुरू झाली. खाज अशी, की चार बायकांत बसवेना. अंगावरून पांढरं जायचं, फुटलेल्या दह्यासारखं घट्ट. वास नाही, ताप नाही.

मी शहाणीनं निदान केलं, माहूरच्या रेणुकेचा कोप! नवरात्रात घट बसले तशी मी आपणहून विटाळशी होऊन कोपऱ्यात बसले. पाचवी माळ झाली, सातवी झाली, मी आपली बाजूलाच.

सासू म्हणाली, "काय गं, तुझी पाळी हाय का पंचवार्षिक योजना?"

तरी तोंड उघडलं नाही. तुरटीच्या पाण्यानं धुतलं. मग लिंबू पिळलं. हो, लिंबू. त्या दिवशी शेडमधल्या लोकांना पुन्हा भूकंप झाल्यासारखं वाटलं असेल.

शेवटी नांदेडला माहेरी गेले, तिथं भावजयीनं डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन उभं केलं. बाईंनी तपासलं. "देवीला कशाला बदनाम करता? बुरशी आहे ही. कॅप्सूलनी अंगातले चांगले जंतूही मारले, हिला रान मोकळं झालं." वर दम भरला, "वास आला, ताप आला, ओटीपोट दुखलं, तर ते दुखणं वेगळं. घरी अंदाज बांधत बसायचं नाही."

आणि आता ही नात. पंधरा दिवसांमागं घसा सुजला म्हणून दुकानातून कॅप्सूल आणून खाल्लेल्या. मी तिचं पुस्तक मिटलं.

"खाज हाय?"

तिनं पुस्तक परत उघडलं.

"दह्यावानी जातंय?"

तिचे डोळे भरले. "आज्जी, तुला कसं कळलं?"

"बुरशीचा धडा तुझा पाठ हाय ना गं?"

"तो पावावरच्या बुरशीचा हाय!"

"चल, डॉक्टरकडं."

"न्हाई! खाली घरमालकीण काकू बसलेली असती. मागच्या साली वरच्या खोलीतली पोरगी तिला बायकांच्या दवाखान्यात दिसली, तर तिनं गावाकडं फोन लावला. बापानं दुसऱ्या दिवशी सामान उचललं. पप्पा मला पण नेतील. परीक्षा झाल्यावर जाऊ."

पप्पा म्हणजे माझाच लेक. विचारायच्या आधी गाडी काढणारा. पोरीचं भ्या खोटं नव्हतं. पण वैशाखाच्या उन्हात आठ दिवस पाण्याविना काढून ती पेपर काय लिहिणार?

आम्ही जिना उतरलो. घरमालकीण गेटापाशी तांदूळ निवडत बसलेली. नात माझ्या पदराआड सरकली.

"कुठं चालल्या आजी, उन्हाचं?"

"बायकांच्या दवाखान्यात," मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मला खालून आग व्हायलीय. खाज तर अशी सुटलीय बाई, सांगू का सगळं?"

"अगं माय! या वयात?"

"बुरशी वय विचारून येती व्हय?"

तिची नजर नातीवर गेली. तिथंच थांबली. "अन् पोरीला कशाला उठवलं अभ्यासातून?"

मी सुचेल ते बोलले. "चष्मा फुटलाय माझा. कागद कोण वाचल?"

चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सूप पुढं ओढलं. आम्ही सुटलो.

केसपेपर मी माझ्या नावानं काढला. आत गेल्यावर खरं सांगितलं. डॉक्टरीण हसल्या आणि तो कागद फाडला. "औषध जिचं, नाव तिचं. इथलं बाहेर जात नाही." त्यांनी तपासून औषध दिलं, जंतुनाशकानं धुणं बंद करायला लावलं, सुती कपडे घालायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नातीनं माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायलं. मी भाकरी करपेपर्यंत बघत राहिले. पेपरला ती ताठ बसून आली.

त्याच संध्याकाळी घरमालकीण वर आली. मला वाटलं, झालं, लावला हिनं फोन. तिनं आधी दार लोटलं.

"आजी... तुमचं ते कमी झालं का? दवाखाना कुठला म्हणल्या?"

मी चष्मा पुसून नाकावर चढवला आणि तिला जवळ बसवलं. "दह्यावानी जातंय का?"